कोसलचा राजा, माझे बाबा आणि दोन वेळचं जेवण

पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केलं, तेव्हा मोठा बौद्ध स्तूप उघडा पडला. इथले भिक्खू दुपारनंतर जेवत नसणार. विनयाचा नियमच तसा. दोन हजार वर्षांनी त्याच गावात माझे बाबा दिवसातून दोनदाच जेवू लागले, पण व्हॉट्सअ‍ॅपमुळे. तीन महिन्यांत चार किलो कमी. "आता तरी पटलं का, इंजिनिअरसाहेब?"

कल्पना विदर्भातलीच. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार ती मांडत. २००४ मध्ये ते अपघातात गेले आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ती महाराष्ट्रभर नेली: कडकडून भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत. जोडीला ४५ मिनिटं चालणं. (टेकडी आणि डॉक्टरांचं नाव एकच, हा निव्वळ योगायोग.)

आहाराने बारीक झालेल्या माणसाची मला माहीत असलेली सगळ्यात जुनी नोंद संयुत्तनिकायात आहे. कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भात खाऊन धापा टाकत बुद्धाकडे आला. बुद्धाने मोजकं खाण्यावर एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज शंभर कार्षापणं देऊन जेवताना म्हणायला बसवलं. हळूहळू भात नाळीभरावर आला, राजा सडपातळ झाला.

माणूस एक, तुलनेला कोणीच नाही. शिवाय गुण कशाचा? गाथेचा, कमी भाताचा, की ताटाशी बसलेल्या पोरासमोर वाटणाऱ्या लाजेचा? बाबांचंही तेच. दोन जेवणांसोबत चहातली साखर सुटली, बिस्किटं सुटली, वैनगंगेपर्यंत चालणं सुरू झालं. आम्ही कामावर एकाच दिवशी चार बदल लाइव्ह केले, तर अ‍ॅप कशाने वेगवान झालं ते कुणालाच सांगता येत नाही. आणि ग्रुपवर फोटो टाकतात ते टिकलेले. पंधरा दिवसांत सोडून दिलेले काका फोटो टाकत नाहीत.

नीट तुलना प्रागमध्ये झाली, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. टाइप २ मधुमेहाचे ५४ रुग्ण. प्रत्येकाने १२ आठवडे दोन मोठी जेवणं घेतली आणि १२ आठवडे तेवढ्याच कॅलरी सहा वेळांत वाटून खाल्ल्या. दोन्हीकडे गरजेपेक्षा ५०० कमी. दोन जेवणांत सरासरी ३.७ किलो घटले, सहांत २.३. म्हणजे बाबांची बाजू अगदीच लंगडी नाही. पण सहा वेळा खाणारेही घटलेच. शिवाय तिथली दोन जेवणं म्हणजे न्याहारी आणि दुपारचं. बाबा जेवतात दुपारी बाराला आणि रात्री नऊला. ५५ मिनिटांचा नियम तर त्या प्रयोगाने तपासलाच नव्हता.

मला काळजी वेगळीच. बाबांना शुगर आहे, आणि वजन उतरल्यावर त्यांनी गोळी स्वतःच अर्धी केली. चार किलोंचा आकडा एवढ्या निर्णयाला पुरत नाही. मी म्हटलं, वाद राहू द्या, आधी एचबीए१सी करू.

"चांगला आला तर?"

"तर गोळीचं डॉक्टर ठरवतील. जेवणं दोनच ठेवा, मी कुठे नाही म्हणतो?"

शनिवारी रक्त दिलं. रिपोर्ट सोमवारी. तोवर गोळी पूर्ण, हे मात्र आईने वदवून घेतलंय.