छायाचित्रावरून मोजलेला रस्ता

टेमघरहून राजनोली नाक्याकडे निघालात की मुंबई-नाशिक महामार्ग लागतो. भिवंडीच्या गोदामांचा माल याच बाजूने वाहतो. येथे दोन गाड्या धडकल्या की पोलिसांपुढे दोन कामे एकदम उभी राहतात : पुरावा राखावयाचा आणि रस्ताही मोकळा करावयाचा. पंचनाम्यासाठी टेप पसरावी, तोवर मागे ट्रकांची रांग लागते.

यावरचा उपाय मूळचा रस्त्यावरचा नव्हेच. १८५८ साली मायडनबाउअर हा तरुण जर्मन वास्तुशिल्पी वेत्सलारचे जुने चर्च मोजताना उंचावरून पडता पडता वाचला. भिंतीवर चढण्यापेक्षा तिच्या छायाचित्रावरूनच मापे का काढू नयेत, असे त्याच्या मनाने घेतले. एकच वस्तू दोन जागांवरून टिपली आणि त्या जागांमधील अंतर ठाऊक असले, की बाकीची मापे भूमितीने निघतात. आपले दोन डोळे तरी दुसरे काय करतात? पुढे १९३० नंतरच्या दशकात स्वित्झर्लंडमधील झुरिचच्या पोलिसांनी असे जोडकॅमेरे अपघातस्थळी नेले.

मापाला एवढे महत्त्व का, ते पाहा. कोरड्या डांबरी रस्त्यावर, घर्षणांक ०.७ धरून, टायर २० मीटर घासत जाऊन गाडी थांबली असेल, तर ब्रेक लावतेवेळी वेग ताशी सुमारे ६० किलोमीटर होता. खूण ३० मीटर भरली तर ७३. पावलांनी अंदाजलेल्या १० मीटरांवर ड्रायव्हरचा दोष ठरावयाचा! शिवाय ती खूण पुढल्या चाकांखाली पुसली जाते.

२०२१ पासून महाराष्ट्रातही पोलीस अपघाताची माहिती छायाचित्रांसह मोबाइलवरून केंद्राच्या नोंदीत भरू लागले. मात्र शेजारी ठाऊक लांबीची काठी ठेवून, जागा बदलून ती घेतली, तरच त्यांतून नकाशा निघेल.