मॅक्रो नियंत्रण (सिंथेसायझर)

मॅक्रो नियंत्रण ही सॉफ्टवेअर सिंथेसायझरमधील एक सोय आहे. तिच्या योगे एकच नॉब फिरवून ध्वनीची अनेक प्राचले एकाच वेळी बदलता येतात. प्रत्येक प्राचल किती बदलावे आणि ते वाढावे की घटावे, हे आधी स्वतंत्रपणे ठरवून ठेवलेले असते. मॅक्रो स्वतः ध्वनी निर्माण करत नाही. वादकाच्या हाताची एक हालचाल अनेक ठिकाणी पोहोचवणे, एवढेच त्याचे कार्य होय.

== संज्ञा ==
ध्वनीचा एखादा गुण ठरवणाऱ्या, बदलता येण्याजोग्या राशीला प्राचल म्हणतात. स्वराची उंची, आवाजाची पातळी, फिल्टरची कटऑफ वारंवारता, निनादाचे प्रमाण ही त्याची उदाहरणे होत. एका स्रोताच्या साहाय्याने प्राचलाचे मूल्य बदलत ठेवण्याच्या क्रियेला मॉड्युलेशन म्हणतात. मंदगती आंदोलक आणि एन्व्हलप हे स्रोत एकदा सुरू झाल्यावर कालानुसार आपोआप बदलत राहतात. मॅक्रो मात्र वादकाने हलवल्याशिवाय किंवा ध्वनिमुद्रणाच्या प्रणालीत आधी नोंदवलेल्या आज्ञेशिवाय हलत नाही.

== पूर्वपीठिका ==
एका हालचालीने अनेक गोष्टी बदलण्याची कल्पना संगणकाहून जुनी आहे. मराठी संगीत नाटकांच्या साथीत रूढ झालेल्या, पायाने भाता चालवायच्या ऑर्गनमध्ये ती आढळते. अशा काही ऑर्गनांना गुडघ्याने ढकलायचे दांडे असतात. त्यांपैकी एकाने आवाजावरील झडपा उघडतात, तर दुसऱ्याने सुरांच्या निरनिराळ्या पट्ट्यांचे संच एकामागोमाग खुले होतात. दोन्ही हात स्वरपट्टीवर आणि दोन्ही पाय भात्यावर गुंतलेले असताना नाद भरदार करण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा राहतो.

१९७० साली आलेल्या मिनीमूग या इलेक्ट्रॉनिक सिंथेसायझरला डाव्या हाताने फिरवायची दोन चाके होती : एक स्वराची उंची बदलण्यासाठी व दुसरे मॉड्युलेशनसाठी. मुंबईच्या चित्रपटसंगीतात हे वाद्य १९७० च्या दशकात केर्सी लॉर्ड यांनी वापरात आणले. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत ध्वनिमुद्रित केलेल्या, रागांवर आधारित इलेक्ट्रॉनिक संगीताच्या तबकडीत रोलँड कंपनीची ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही वाद्ये वापरली. यांपैकी टीबी-३०३ वर कटऑफ, रेझोनन्स इत्यादींसाठी वेगवेगळे नॉब आहेत. वादक एका वेळी जेमतेम दोनच नॉब हाताळू शकतो, ही अशा वाद्यांची स्वाभाविक मर्यादा होती.

१९८३ मध्ये मिडी ही संकेतप्रणाली आल्यावर एका उपकरणावरील नॉबने दुसऱ्या उपकरणातील प्राचल बदलणे सुलभ झाले. पुढे सॉफ्टवेअर सिंथेसायझरमध्ये प्राचलांची संख्या शेकड्यांवर गेली आणि मॅक्रोची गरज वाढली. एबलटन लाइव्हच्या २००६ मधील सहाव्या आवृत्तीत वाद्यांच्या संचासाठी आठ मॅक्रो देण्यात आले. २०२१ मधील अकराव्या आवृत्तीत ही संख्या सोळापर्यंत वाढवता येऊ लागली. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सच्या मॅसिव्हमध्ये आठ, तर सीरमची मूळ आवृत्ती आणि व्हायटल यांमध्ये प्रत्येकी चार मॅक्रो आहेत. २०१८ पासून मुक्तस्रोत असलेल्या सर्ज या सिंथेसायझरमध्ये आठ मॅक्रो उपलब्ध आहेत.

== कार्यपद्धती ==
मॅक्रोचे मूल्य साधारणपणे ० ते १ या दरम्यान मोजले जाते. त्याला जोडलेल्या प्रत्येक प्राचलासाठी एक व्याप्ती ठरवतात. बहुतेक सिंथेसायझरमध्ये पुढील हिशेब लागू पडतो :

अंतिम मूल्य = मूळ मूल्य + (मॅक्रोचे मूल्य × व्याप्ती)

व्याप्ती ऋण ठेवल्यास मॅक्रो वाढत असता ते प्राचल घटत जाते. म्हणून एकाच नॉबने एक गुण वाढवणे आणि दुसरा कमी करणे शक्य होते.

वारंवारतेच्या बाबतीत हा हिशेब सहसा हर्ट्झमध्ये न करता सप्तकांत केला जातो, कारण कानाला वारंवारतांमधील फरक जाणवतो तो गुणोत्तराने. मध्य सप्तकातील षड्जाच्या दुप्पट वारंवारता तार षड्जाची असते. त्यामुळे कटऑफ २०० पासून ३,२०० हर्ट्झपर्यंत, म्हणजे चार सप्तके नेायचा असल्यास मॅक्रोच्या मध्यबिंदूवर तो १,७०० नव्हे, तर ८०० हर्ट्झ असतो.

मिडीच्या सामान्य नियंत्रण-संदेशात ० ते १२७ एवढ्याच पायऱ्या असतात. व्याप्ती मोठी असल्यास या पायऱ्या कानाला जाणवू शकतात. ते टाळण्यासाठी अनेक सिंथेसायझर दोन पायऱ्यांमधील बदल गुळगुळीत करून घेतात.

== मांडणीचे उदाहरण ==
रत्नागिरी जिल्ह्यातील गणपतीपुळे येथील मंदिर समुद्रकिनाऱ्यालगत टेकडीच्या पायथ्याशी असून प्रदक्षिणा संपूर्ण टेकडीभोवती घातली जाते. चालणारा टेकडीच्या मागे गेला, की समुद्राची गाज मंद होते आणि तिचा धारदारपणाही कमी होतो. कमी वारंवारतेच्या लहरी अडथळ्याला वळसा घालून अधिक सहज पुढे जातात, तर उच्च वारंवारतेच्या लहरी बऱ्याच अंशी अडतात. येथे ऐकणाऱ्याची जागा हे एकच कारण असून त्यामुळे ध्वनीचे अनेक गुण एकत्र बदलतात. मॅक्रोची मांडणी याच तत्त्वावर करतात.

ही गाज सिंथेसायझरवर घडवण्यासाठी प्रथम श्वेत रव, म्हणजे सर्व वारंवारतांचा समावेश असलेला सलग खळखळाट, निवडतात. तो लो-पास फिल्टरमधून नेतात आणि सुमारे दहा सेकंदांचे आवर्तन असलेल्या मंदगती आंदोलकाने त्याची पातळी वरखाली करतात. त्यानंतर ‘गाज’ या नावाचा मॅक्रो पुढीलप्रमाणे जोडता येतो. ० म्हणजे टेकडीच्या मागे आणि १ म्हणजे किनाऱ्यावर, असे मानले आहे. आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत.

* कटऑफ : ३०० ते २,४०० हर्ट्झ (तीन सप्तके).
* आवाजाची पातळी : वजा २४ ते वजा ९ डेसिबल.
* डाव्या-उजव्या बाजूंमधील विस्तार : १० ते ९० टक्के.
* निनादाचे प्रमाण : ३० ते ५ टक्के (उलट दिशेने).

मंदगती आंदोलकाचा वेग मात्र मॅक्रोला जोडायचा नसतो. ऐकणारा चालू लागला म्हणून लाटा अधिक वेगाने फुटत नाहीत. मॅक्रोला काय जोडावे याइतकेच काय जोडू नये, हे ठरवणे महत्त्वाचे असते.

== दक्षता ==
* मॅक्रोची दोन्ही टोके आणि मध्य अशा तिन्ही ठिकाणी ध्वनी ऐकून पाहावा. टोकाला निरुपयोगी ठरणारा भाग व्याप्ती कमी करून वगळावा.
* कटऑफ व रेझोनन्स एकत्र वाढवल्यास पातळीही वाढून आवाज फाटू शकतो. अशा वेळी तोच मॅक्रो पातळीला अल्प ऋण व्याप्तीने जोडतात.
* प्राचलाचे मूळ मूल्य आधीच कमाल मर्यादेवर असल्यास धन व्याप्तीचा काहीही परिणाम होत नाही. मूळ मूल्य ठरवल्यानंतरच व्याप्ती ठरवावी.
* रागसंगीतासाठी स्वराची उंची मॅक्रोला जोडताना विशेष सावधगिरी लागते. नादात भर घालण्याच्या प्रयत्नात आंदोलक परस्परांपासून थोडे जास्त बेसूर झाले, तरी तंबोऱ्याशी असलेला मेळ बिघडतो.
* मॅक्रोला ‘मॅक्रो १’ असे न म्हणता ‘गाज’, ‘धार’, ‘अंतर’ असे परिणामदर्शक नाव द्यावे.

== उपयोग आणि मर्यादा ==
प्रत्यक्ष कार्यक्रमात एक हात स्वरपट्टीवर असताना वादक दुसऱ्या हाताने मॅक्रो हाताळू शकतो. त्यासाठी मॅक्रो बहुधा मॉड्युलेशनच्या चाकाला किंवा पायाने दाबायच्या पेडलला जोडतात. ध्वनिमुद्रणात मॅक्रोच्या हालचालीची एकच रेषा नोंदवल्याने पुढील दुरुस्ती सोपी होते.

मॅक्रोमुळे प्राचलांमधील परस्परसंबंध आधीच निश्चित होतात. तयार ध्वनिसंचातील मॅक्रो वापरताना वादक त्या संचाच्या रचनाकाराचे निर्णय स्वीकारत असतो. त्या निर्णयांपलीकडचा नाद हवा असल्यास जोडण्या उघडून प्रत्येक प्राचल स्वतंत्रपणे तपासावे लागते. ध्वनिसंश्लेषण शिकणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणूनच आधी प्राचले एकेक करून हाताने बदलून पाहणे आणि नंतर त्यांचा मॅक्रो बांधणे उपयुक्त ठरते.