तळटीप : अकेडिया कंपनीचे एका सिलिंडरचे इंजिन

येथे अभिप्रेत आहे ते कॅनडातील नोव्हा स्कोशियामधल्या ब्रिजवॉटर गावी बनलेले, ‘मेक अँड ब्रेक’ पद्धतीचे टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यूफाउंडलंडपर्यंतच्या कोळ्यांच्या होड्यांत अशी इंजिने सर्रास असत. यात स्पार्क प्लग नाही. सिलिंडरच्या आतच दोन टोके चिकटून झटक्यात विलग होतात आणि ठिणगी पडते. गिअरबॉक्सही नाही. होडी मागे घ्यायची तर ठिणगी तोडायची आणि फ्लायव्हील थांबता थांबता ती पुन्हा द्यायची, की इंजिन उलटे फिरू लागते. धक्क्याजवळ हे करायला हात मुरलेलाच हवा.

असे जुने इंजिन हाती आले, तर त्यावरची निर्मात्याची पितळी पाटी बहुधा गायब असते. अशा वेळी बिडात ओतलेली अक्षरे, सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक यांवरून ओळख पटवावी. रंगावर विसंबू नये, तो कोणीही फासतो. गंजून बसलेल्या पिस्टनवर घण घालणे हा शुद्ध अविचार, कारण बीड तडकते. तेलात भिजत ठेवून धीर धरावा. खरी मेख मात्र सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या जॅकेटमध्ये असते. तिथे खेळवलेले खारे पाणी भिंत आतून खाते. हिवाळ्यात ते काढायचे राहिले तर गोठून भेग पाडते. म्हणून जाणकार इतर खर्चाआधी जॅकेटमध्ये दाबाने पाणी भरून पाहतात.