राष्ट्रगीताच्या वेळचे मौन आणि शाळकरी मुलांचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य

बोलण्याच्या स्वातंत्र्यात न बोलण्याचे स्वातंत्र्यही येते काय, आणि ते शाळकरी मुलांनाही आहे काय, या प्रश्नाचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी दिला. ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ या नावाने हा खटला ओळखला जातो.

केरळमधील एका शाळेत दहावी, नववी व पाचवीत शिकणारी तीन भावंडे ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाची होती. परिपाठात राष्ट्रगीत सुरू झाले की ती आदराने उभी राहत, मात्र गात नसत. राष्ट्रगीताच्या शब्दांना वा आशयाला त्यांचा विरोध नव्हता. ते गाणे त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हते. पूर्वी याच शाळेत शिकलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीही गात नसत व त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. जुलै १९८५ मध्ये ही बाब एका आमदाराच्या नजरेस आली आणि विधानसभेत प्रश्न उपस्थित झाला. चौकशी आयोगाने मुले कायदा पाळणारी असून त्यांनी अवमान केलेला नाही, असा अहवाल दिला. तरीही शिक्षण खात्याच्या सूचनेवरून २६ जुलै रोजी त्यांना शाळेतून काढण्यात आले. आपल्याच आयोगाचा अहवाल शासनाने असा बाजूला सारावा, हे आश्चर्यच म्हणावे लागेल. उच्च न्यायालयानेही मुलांना दाद दिली नाही.

न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी व न्यायमूर्ती एम. एम. दत्त यांच्या खंडपीठाने हा निर्णय फिरवला. राष्ट्रगीत गाण्याची सक्ती करणारा कोणताही कायदा नाही. १९७१ चा राष्ट्रीय प्रतिष्ठा अवमान प्रतिबंधक कायदा गाण्यात अडथळा आणणाऱ्याला शिक्षा देतो, गप्प उभ्या राहणाऱ्याला नव्हे. खात्याचे परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. त्यामुळे त्याच्या आधारे कलम १९ (१) (क) खालील अभिव्यक्तीच्या व कलम २५ खालील धर्माचरणाच्या हक्कावर मर्यादा घालता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने याच पंथाच्या मुलांना ध्वजवंदनाच्या सक्तीतून मुक्त करणाऱ्या १९४३ च्या निकालाचाही विचार झाला. मुलांना पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश देण्यात आला.

मुले उभी राहत होती, हा मुद्दा येथे निर्णायक ठरला. निकालाची व्याप्ती मात्र वादातीत नाही. कर्नाटकातील हिजाब प्रकरणात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले, तेव्हा न्यायमूर्ती सुधांशू धुलिया यांनी याच निकालाचा आधार घेतला, तर न्यायमूर्ती हेमंत गुप्ता यांना तो तेथे लागू वाटला नाही.