वसईची काटेसावर

वसईच्या किल्ल्यातले ते अवाढव्य झाड मी माघात काटेसावर ठरवून टाकले. काटे? झिजले असतील! शिमग्यात मात्र तांबडे फूल एकही नाही. आषाढात लांब देठांवर पांढरी फुले लोंबली. पौषात मखमली फळ फोडले तर आंबट गर. गोरखचिंच! मूळची आफ्रिकेची.

आणली कुणी? कुणी १५३४ साली वसई घेणाऱ्या पोर्तुगीजांचे नाव घेतात, कुणी अरबांचे. मला अरब पटतात. आमच्या कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेली आहेत. समुद्रापारचा व्यापार पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीचा. वय मोजावे, तर जुने खोड आतून पोकळ होते.

वर्गाला मी काटेसावर सांगून बसलो होतो. ती मुले आता वरच्या वर्गात आहेत.