दुग्धविरहित चीज: नाम आणि गुण

‘चीज’ हे नाव उगमावरून द्यावे की गुणांवरून, हा वाद नवा नव्हे. ली यूयिंग यांनी १९१० च्या सुमारास पॅरिसजवळ काढलेल्या सोयाबीन-पदार्थांच्या कारखान्याच्या ‘काझेओ-सोजाईन’ या नावात चीजवाचक लॅटिन ‘कासेउस’ शब्दच दडलेला आहे. चवीपुरते हे साधर्म्य यथार्थ होते. चीनमधील आंबवलेल्या टोफूत, मुरलेल्या चीजप्रमाणेच, प्रथिनांचे विघटन होऊन रुची येते. वितळण्याचा गुण मात्र साधला नाही. दुधातील केसीनचे जाळे उष्णतेने सैल होते. टोफूतील सोयाप्रथिनांचे तसे होत नाही. म्हणून आजचे अनेक पर्याय खोबरेल व स्टार्च यांवर विसंबतात. तेल पातळ होते, परंतु केसीनसारखी तार येत नाही. युरोपीय न्यायालयाने १४ जून २०१७ रोजी निव्वळ वनस्पतिजन्य पदार्थांना हे नाव तत्त्वतः नाकारले. तो निकष उगमाचा होय. चव आणि वितळणे यांचे इतिहास भिन्न आहेत, हे त्यातून उमगत नाही.