दोन विमानतळ आणि एक गणित



परवा बेंगळुरूहून भाचीचा फोन आला. "मामा, मी नवी मुंबईच्या विमानतळावर उतरणार आणि पुढचे परदेशाचे विमान सहारहून आहे. मधे चार तास आहेत, पुरतील ना?"

मी म्हटले, "अगं, अंतर सांगतो, वेळ सांगत नाही. सडकेने ३५ ते ४० किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर तास-सव्वा तास, नसेल तर दोनही लागतील. वर सामान, तपासणी. तू संध्याकाळऐवजी सकाळचे विमान घे आणि दुपारी जेवायला घरी ये."

फोन ठेवला आणि विचार सुरू झाला. पनवेलहून मुंबई किती लांब? दर पिढीला याचे उत्तर वेगळे मिळाले आहे.

रेल्वे येण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला जाणारे लोक होडीने खाडीतून पनवेल बंदरात उतरत आणि पुढे घाट चढत. तेव्हा घड्याळापेक्षा भरती-ओहोटी महत्त्वाची. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता झाला आणि पनवेलची भरभराट झाली. मग १८६३ मध्ये घाटातून आगगाडी सुरू झाली, पण ती कल्याण-कर्जतवरून! पुणे मुंबईच्या जवळ आले आणि पनवेल बाजूला पडले.

माझ्या लहानपणी मोटारीने मुंबईला जायचे म्हणजे मुंब्रा-ठाण्याचा वळसा. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला आणि तो वळसा सुटला. जानेवारी २०२४ मध्ये २१.८ किलोमीटरचा अटल सेतू आला. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली.

आनंद आहेच. पण मास्तरांची खोड, उत्तर आले तरी पायऱ्या तपासायच्या.

विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावे उठवली. त्याआधी नवी मुंबईसाठी जमिनी गेल्याच होत्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. जासई-पागोटे भागात गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली.

त्या दहांपैकी एका गावातला माझा एक विद्यार्थी मध्यंतरी बाजारात भेटला. आता तोही आजोबा झालाय. पूर्वी शेतावरून, बांधाबांधाने शाळेत यायचा, पावसाळ्यात चिखलाने भरलेले पाय घेऊन. मी विचारले, "नवे घर जुन्या घरापासून किती लांब रे?" म्हणाला, "सर, फार नाही, चार-पाच किलोमीटर असेल. पण जाता येत नाही ना. मधे कुंपण आहे."

वर्गात वर्षानुवर्षे मी शिकवले, अंतर भागिले वेग म्हणजे वेळ. या चार-पाच किलोमीटरना कोणत्या वेगाने भागायचे, ते मला सांगता आले नाही. आम्ही दोघांनी चहा घेतला आणि तो गेला.

असो. भाचीने तिकीट बदलले आहे. ती आली की सहारला सोडायला जाताना वाटेत तिला हे सगळे सांगणार आहे. गाडी अडकली तर वेळ भरपूर मिळेल!